अदाकारीचे छायाचित्र : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२३

संगीतबारीतील, म्हणजे थिएटरात राहून लावणी सादर करणाऱ्या पार्ट्यांमधील, कलावंतांची छायाचित्रे काढण्याच्या कामाच्या नोंदी आजपासून तारखेनिशी ठेवायचे ठरवले आहे. पद्धत हळूहळू बदलत जाते, ती का बदलली हे मात्र विसरले जाते आणि मागाहून सगळे आधीपासूनच ठरलेले होते असे वाटू लागते.

कामाची जागा पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याच्या परिसरातील एक थिएटर आहे. येथे अनेक पार्ट्या, म्हणजे कलावंतांचे संच, एकाच आवारात राहतात, प्रत्येक पार्टीची मालकीण वेगळी असते आणि रंगमंचावर प्रत्येकीला आपापली बारी मिळते. समोरच्या खेळानंतर एखाद्या रसिकाने फर्माईश केली तर आतल्या खोलीत बैठक होते. माझ्याजवळ याआधीची जी छायाचित्रे आहेत ती सगळी समोरच्या खेळाची आहेत : पहिल्या रांगेतून, लांब पल्ल्याच्या लेन्सने, डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलेली. गिरकी, उडालेला पदर आणि चाळ बांधलेले पाय त्यांत आहेत. ती छापून आली आणि लोकांना आवडली. परंतु ती पाहताना जाणवते की त्यांत कॅमेरा बसला आहे तो पुरुष प्रेक्षकाच्या खुर्चीत, आणि त्या खुर्चीतून जे दिसते तेच लावणीचे सर्वस्व आहे असा समज त्यांनी पक्का केला आहे.

लावणीतील शृंगार बहुतांशी पुरुषांनी लिहिलेला आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील राम जोशी, होनाजी बाळा, अनंत फंदी यांच्यापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी ‘मी’ घातला, आणि तो ‘मी’ एका विशिष्ट स्त्रीने विशिष्ट पुरुषांसमोर उभा करायचा अशी ही रचना आहे. म्हणजे रंगमंचावर जी अभिलाषा दिसते ती लिहिणाऱ्याची, गाणारीची की पाहणाऱ्याची, हे सहजी सांगता येत नाही. छायाचित्र मात्र हा प्रश्न न विचारताच सगळी अभिलाषा चौकटीत दिसणाऱ्या स्त्रीच्या नावे जमा करते. तसे न करणारी पद्धत शोधणे हे या प्रकल्पाचे काम आहे.

२ जुलै २०२३

आज कॅमेरा पिशवीतच ठेवून बैठक पाहिली. पार्टीच्या थोरल्या बाई गायल्या. त्यांना सगळे ‘मावशी’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. एक पाय दुमडून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन त्या बसल्या, आणि ‘यायचा होता तो आला नाही’ एवढ्याच आशयाची एक ओळ त्यांनी कितीतरी वेळ घोळवली. पहिल्यांदा तक्रार होती, मग राग, मग तो राग कुणाला दिसू नये म्हणून केलेली सारवासारव. शेवटी तर त्यांनी काहीच केले नाही. नथ सारखी करायला उचललेला हात गालापाशी येऊन तसाच थांबला, आणि खोलीत बसलेल्या प्रत्येकाला कळले की आता गाण्यातली ती वाट पाहणे सोडून देत आहे.

वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्या गेल्या. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीतून निरनिराळे भाव काढण्याबद्दल त्यांची ख्याती होती. या अदाकारीचे छायाचित्र काढायचे म्हणजे काय काढायचे, हा आजचा प्रश्न आहे. सेकंदाच्या पाचशेव्या भागात हाताची एक स्थिती सापडेल, पण अर्थ हात उचलण्यापासून थांबण्यापर्यंतच्या प्रवासात आहे. नृत्याच्या छायाचित्रणात वेग गोठवणे हे कौशल्य समजले जाते. येथे ते कौशल्य निरुपयोगी आहे, कारण जिथे कलावंताने स्वतःच थांबायचे ठरवले आहे तिथे आपण आणखी काय थांबवणार?

२१ जुलै २०२३

डिजिटल कॅमेरा बाजूला ठेवला आणि मामिया आरबी ६७ आणला. हा अडीच किलोंहून जड, तिपाईवर बसवण्याचा, १२० च्या रोलवर दहाच चित्रे देणारा कॅमेरा आहे. दर चित्रानंतर फिल्म पुढे सरकवावी लागते, शटर हाताने चढवावे लागते. या संथपणासाठीच तो निवडला. दुसरे कारण म्हणजे त्याचा कमरेच्या उंचीवरचा दृश्यदर्शक. त्यात वरून खाली पाहावे लागते, त्यामुळे मी समोरच्या व्यक्तीवर नजर रोखून उभी नसते. माझी मान खाली झुकलेली असते, आणि मला दिसते ते डावे-उजवे उलटलेले प्रतिबिंब असते. समोरच्या व्यक्तीवरचा दाब याने कमी होईल असा माझा विचार होता.

मावशींनी मात्र दुसरीच अडचण काढली. “ताई, तुम्ही खाली बघताय, मग मी कुणाकडं बघू?”

हा प्रश्न अदाकारीच्या मुळाशी जाणारा आहे. बैठकीची लावणी कुणाला तरी उद्देशून असते, समोर कुणी नसेल तर ती उभीच राहत नाही. मग त्यांनी स्वतःहून, शिकवण्याच्या सुरात, सांगितले : “डोळ्यात कधी बघायचं नाही. भुवईवर बघायचं. माणसाला वाटतं, माझ्याकडंच बघते. डोळ्यात बघितलं तर आपलंच चित्त ढळतं, अन् मग ओळ चुकते.”

त्यानुसार दोन चित्रे काढली. एकात त्या थेट लेन्समध्ये पाहत आहेत आणि दुसऱ्यात लेन्सच्या किंचित वर, म्हणजे लेन्स हा डोळा मानला तर त्याच्या भुवईवर. उजेड थिएटरच्या पिवळ्या बल्बांचाच होता. लेन्सचे छिद्र एफ/५.६ आणि वेळ सेकंदाचा पंधरावा भाग, म्हणून त्यांना श्वास रोखून बसावे लागले.

२९ जुलै २०२३

फिल्म धुऊन झाली. एचपी५ प्लस फिल्म, डी-७६ डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० अंशांवर.

दोन्ही चित्रांचे ठसे, म्हणजे कागदावरच्या प्रती, शेजारी ठेवले. बुबुळांच्या स्थितीतला फरक ठशावर मिलिमीटरभरही नसेल. पहिल्या चित्रातील बाई कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, आणि आपल्याला त्या ‘एक वयस्क लावणी कलावंत’ म्हणून दिसतात. दुसऱ्या चित्रात नजर आपल्याला भिडल्यासारखी वाटते आणि तरी ती आपल्या हाती लागत नाही. पाहणाऱ्याला वाटते की आपण आणखी थोडे पुढे झुकलो तर ती भेटेल. अभिलाषा निर्माण करण्याची ही युक्ती चाळीस-पन्नास वर्षांच्या रियाजाने कमावलेली आहे, आणि ती कागदावर उतरते याचा मला आज मनापासून आनंद झाला. यापुढे कलावंताला हव्या त्या बिंदूवर नजर ठेवता यावी म्हणून लेन्सच्या वर एक छोटी खूण चिकटवण्याची सोय करणार आहे.

१२ ऑगस्ट २०२३

पावसामुळे जाणे झाले नाही, म्हणून घरीच जुनी छायाचित्रे पाहिली आणि काही गोष्टी स्वतःसाठी स्पष्ट करून घेतल्या.

मुंबईत विल्यम जॉन्सन याने १८६० च्या दशकात शहरातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातील माणसे एका ठिकाणी टिपलेली असत आणि त्यांच्यामागचे देखावे वेगळ्या छायाचित्रांतून आणून जोडलेले असत. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ चे आठ खंड निघाले. या चित्रांत सामान्यतः व्यक्तीचे नाव नसते, प्रकाराचे नाव असते. बंगलोरच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या मालिकेत अशा ‘प्रकारांच्या’ जागी स्वतःला उभे करून ही सगळी मांडणी किती बनवलेली आहे ते दाखवले. त्या कामाने मला मार्ग मिळाला हे नोंदवलेच पाहिजे. परंतु माझ्या कामात स्वतः वेश करून उभे राहण्याचा मार्ग मला योग्य वाटत नाही, कारण येथे वेश करून उभे राहण्यात माझ्याहून कितीतरी पुढे असलेली माणसे समोर आहेत.

मला अधिक विचार करायला लावतात ती बालगंधर्वांची छायाचित्रे. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांची रुक्मिणीच्या, भामिनीच्या, सिंधूच्या वेशातील छायाचित्रे महाराष्ट्रात घरोघरी पोचली. प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी त्यांचे लुगडे नेसणे, अंबाडा आणि दागिने उचलले. त्या छायाचित्रांतही आर्जव आहे, लज्जा आहे, पुरुषाला उद्देशून टाकलेला कटाक्ष आहे. तरीही त्यांच्याकडे पाहून ‘हीच नारायणरावांची खरी वासना’ असे कोणी म्हटले नाही. ती भूमिका आहे आणि तिच्यामागे नट आहे, हे सर्वांना मान्य होते. लावणी कलावंताने तोच कटाक्ष टाकला की मात्र तो तिच्या स्वभावाचा, चारित्र्याचा आणि जातीचा पुरावा ठरतो. कोल्हाटी आणि डोंबारी समाजातील स्त्रियांच्या वाट्याला हा न्याय पिढ्यानपिढ्या आला आहे, आणि छायाचित्रकारांनी तो अधिकच बळकट केला आहे. पुरुषाने केलेला स्त्रीचा अभिनय कला आणि स्त्रीने केलेला अभिनय मात्र कबुलीजबाब, हा भेद मला असह्य वाटतो.

यावरून पद्धतीबाबत एक निर्णय घेतला. या मालिकेतील प्रत्येक चित्र मांडून काढलेले असेल आणि ते मांडलेले आहे हे चित्रातच दिसेल. पडदा, तिपाईचा पाय, दिव्याची वायर चौकटीत आली तर ती कापायची नाही. नटाला नट म्हणून दाखवणारा जुना स्टुडिओ या स्त्रियांवर सहज टिपलेल्या क्षणापेक्षा कमी अन्याय करतो, अशा मताला मी आले आहे.

९ सप्टेंबर २०२३

रबरी फुग्याचा रिलीज आणला. सहा मीटर लांबीची हवेची नळी, तिच्या एका टोकाला फुगा आणि दुसऱ्या टोकाला शटर दाबणारी दांडी. फुगा कलावंताच्या हातात दिला. शटर चढवणे आणि फिल्म सरकवणे माझ्याकडे राहील, पण चित्र कधी व्हायचे हे ती ठरवेल.

यात मला अपेक्षित नसलेली गोष्ट घडली. तालात वाढलेली माणसे असल्यामुळे सगळ्या जणी फुगा समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, दाबतात. समेला अदा पूर्ण होते, चेहरा आणि हात नेमक्या जागी येतात, तेव्हा त्यांना तोच क्षण चित्राचा वाटतो. पण लांब नळीतून हवा पोचायला थोडा वेळ लागतो, शिवाय या कॅमेऱ्याचा आरसा वर उचलला जाण्यातही काही क्षण जातो, आणि त्यामुळे प्रत्यक्ष शटर समेनंतर जरासे उशिरा उघडते. चित्रात येते ती अदा पूर्ण झाल्यानंतर सैल होऊ लागलेली मुद्रा. ओठांवर भाव अजून आहे, पण खांदे आपल्या जागी परतू लागले आहेत. भूमिका आणि तिच्यातून बाहेर येणारी कलावंत, दोघी एकाच चेहऱ्यावर सापडतात. गेले काही महिने मी जे शोधत होते ते हेच.

धाकट्या कलावंतांनी ही गोम लगेच ओळखली आणि समेच्या आधी फुगा दाबून हिशेब चुकता केला. मावशींना नंतरचेच चित्र पसंत पडले. दोन्ही प्रकार मालिकेत राहतील.

नळी दिसावी की लपवावी यावर बोलणे झाले. मला वाटले होते की त्यांना ती पदराखाली लपवायची असेल. पेटीमास्तरांचे तेच मत होते. त्यावर पार्टीतील एक मुलगी म्हणाली, “चाळ दिसत्यात, ढोलकी दिसती, मग नळीनंच काय घोडं मारलंय?” नळी आता उघडपणे मांडीवरून जमिनीवर उतरते आणि चौकटीबाहेर माझ्याकडे येते.

२९ ऑक्टोबर २०२३

दसऱ्यानंतर थिएटरला गर्दी आहे. मालकीणबाईंच्या परवानगीने कॅमेरा रंगमंचावर, पडद्याच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून लावला. रोल मात्र भरला नव्हता. आधी लोकांना सांगायचे आणि विचारायचे ठरले होते. कॅमेरा दिसताच पुढच्या दोन रांगांतील पुरुषांनी टोप्या पुढे ओढल्या आणि रुमाल तोंडावर घेतले. एक जण उठून मागे जाऊन बसला.

ज्या खोलीत एकीचा चेहरा सर्वांसाठी उघडा आहे त्याच खोलीत उरलेल्या सर्वांना आपला चेहरा राखून ठेवण्याचा हक्क आहे, आणि हा हक्क इतका गृहीत धरलेला आहे की तो कुणाच्या लक्षातही येत नाही. अभिलाषेचे चित्रण आजवर एकाच बाजूने का झाले याचे उत्तर मला या रुमालांत मिळाले. असे असले तरी संमतीवाचून कुणाचा चेहरा घ्यायचा नाही हा नियम प्रेक्षकांनाही लागू आहे. न्याय करायचा म्हणून त्यांना उघडे पाडणे मला मान्य नाही.

मध्यंतरात विचारत फिरले. बहुतेकांनी हसून मान हलवली. जवळच्या गावातील ऊस लावणारे एक वयस्क गृहस्थ मात्र तयार झाले. ते वर्षानुवर्षे येथे येतात आणि दौलतजादाही करतात, म्हणजे कलावंतांवर पैसे उधळतात, पण तो मावशींच्या आवाजासाठी असे त्यांनी सांगितले. त्यांनाही फुगा दिला. आतल्या खोलीत मावशी गायला बसल्या आणि गृहस्थांनी ओळ ऐकताना डोळे मिटून फुगा दाबला. त्या चित्रात ते मांडीवर घडी केलेली टोपी दोन्ही हातांनी धरून बसले आहेत, आणि चेहऱ्यावर संकोच व सुख इतके एकमेकांत मिसळले आहे की वेगळे करता येऊ नये. पुरुषाची अभिलाषा कशी दिसते हे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले. तिच्यात आक्रमकता नव्हती, एक प्रकारची शरणागती होती. सगळ्याच पुरुषांबाबत हे खरे आहे असा माझा दावा नाही. बैठकीचे दार बंद झाल्यावर काय काय घडते, मागणाऱ्याचा सूर कसा बदलतो, हे येथे राहणाऱ्या स्त्रिया माझ्यापेक्षा चांगले जाणतात.

६ जानेवारी २०२४

संपर्कठशांचे, म्हणजे निगेटिव्हच्याच आकाराच्या छोट्या ठशांचे, कागद आणि लाल पेन्सिल घेऊन गेले. ज्याचे चित्र त्याने निवडायचे, असे ठरले होते.

पडद्यामागची, मेकअप उतरवतानाची, थकून भिंतीला टेकलेली चित्रे बहुतेकींनी खोडली. छायाचित्रकार म्हणून मला ती बलवान वाटत होती, कारण रंगमंचामागचा थकवा हेच कलावंताचे सत्य मानण्याची आमच्या व्यवसायातील जुनी सवय आहे. मावशी म्हणाल्या, “दमलेली बाई तुम्हाला कुठल्याबी एसटी स्टँडवर मिळंल. तिच्यासाठी हितपर्यंत कशाला यायचं?” या वाक्यात पूर्ण टीका आहे. रंगमंचावरचे खोटे आणि मागचे खरे अशी विभागणी केली की जे काम या स्त्रियांनी जन्मभर घासून उत्तम केले तेच खोट्याच्या रकान्यात जाते, आणि आपण सहानुभूतीच्या नावाखाली त्यांच्यातील कलावंत नाहीशी करतो.

छायाचित्रकार दयानिता सिंग १९८९ मध्ये एका इंग्रजी वृत्तपत्रासाठी दिल्लीत तृतीयपंथी मोना अहमद यांची छायाचित्रे काढायला गेल्या होत्या. चित्रे लंडनमध्ये छापली जाणार हे कळल्यावर मोना यांनी रोल परत मागितला आणि तो दिला गेला. पुढे त्या दोघींचे जे पुस्तक २००१ साली आले त्यात मजकूर मोना यांचा स्वतःचा आहे. रोल परत देण्याने नाते संपत नाही, उलट तेथून सुरू होऊ शकते, असा त्याचा अर्थ मी लावते. खोडलेल्या चित्रांच्या निगेटिव्ह पट्ट्या ज्याच्या त्याच्या स्वाधीन केल्या.

३ फेब्रुवारी २०२४

मावशींना चित्रात रंग हवा आहे. कृष्णधवल चित्र त्यांना ‘गेलेल्या माणसाचं’ वाटते. म्हणून फायबर पेपरवर मॅट ठसे काढून ते हाताने रंगवायला घेतले. पूर्वी प्रत्येक शहरातील स्टुडिओत फोटो रंगवणारा कारागीर असे. पुण्यातील अशाच एका निवृत्त कारागिरांकडून काम शिकत आहे. पारदर्शक रंग कापसाच्या बोळ्यावर घेऊन आधी मोठे भाग, मग बारीक कुंचल्याने ओठ आणि दागिने असा क्रम असतो. गालावरचा रंग ओलसर असतानाच पसरवावा लागतो, नाहीतर कडा उमटते.

काय रंगवायचे हेही कलावंतच सांगतात. एकीला सगळा शालू हवा, काठाच्या जरीसकट. एकीला फक्त हिरव्या बांगड्या. नळीबद्दल बोललेल्या मुलीने स्वतःला तसेच कृष्णधवल ठेवायला सांगितले आणि मागचा पडदा गुलाबी करायला सांगितला. तिला विचारले, तर म्हणाली की मला कुणी रंगवायचे नाही. हे चित्र मला सगळ्या मालिकेत सर्वांत धीट वाटते.

१० मार्च २०२४

माझ्या स्वतःच्या पाहण्याविषयी येथे आजवर लिहिले नाही. स्त्रीने स्त्रीचे चित्र काढले म्हणजे त्यात अभिलाषा नसते, असे गृहीत धरण्याची सोय मला नको आहे. गजरा माळताना पाठमोऱ्या बसलेल्या एका कलावंताचे चित्र आहे. मानेची रेषा, सुटलेली एक बट, पाठीवरच्या चोळीची गाठ, आणि खाली जमिनीवर फुगा धरलेला तिचा डावा हात. ते चित्र मी केवळ रचनेसाठी निवडलेले नाही. ते सुंदर आहे आणि त्या सौंदर्याकडे मी ओढली गेले, एवढे सरळ लिहिणे मला आवश्यक वाटते. तिला ठसा दाखवताना मी हेच सांगितले. ती म्हणाली, “आवडायलाच पाहिजे, ताई. त्याच्यासाठीच तर बसले.”

पाहणाऱ्याची अभिलाषा काढून टाकून शुद्ध केलेले चित्र या कलेला न्याय देणार नाही. ही कला अभिलाषेला मान देते, तिला खेळवते, तिच्यावर सत्ता चालवते. म्हणून मी माझी पद्धत बदलत गेले ती एवढ्यासाठीच की ओढ कोण निर्माण करते आहे आणि दोरी कुणाच्या हातात आहे, हे चित्रात स्पष्ट दिसावे.

२१ एप्रिल २०२४

प्रदर्शनाची मांडणी ठरली. पहिले प्रदर्शन शहरातील दालनात न होता थिएटरच्याच पुढच्या सभागृहात, खेळ नसलेल्या दिवशी दुपारी होईल. ठसे नेहमीच्या उंचीवर न लावता खाली, बैठकीत बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर लावायचे. पाहणाऱ्याने सतरंजीवर बसूनच पाहावे, अशी मावशींची सूचना आहे. चित्राखालील मजकुरात कलावंत सांगेल ते नाव, कोणती लावणी गात होती, आणि शटर कुणी दाबले एवढेच असेल. जात, गाव, वय लिहायचे नाही. ऊस लावणाऱ्या गृहस्थांचे चित्रही याच रांगेत, याच आकारात लागेल. त्यांनी नाव छापायला नकार दिला आहे आणि चेहऱ्याला परवानगी दिली आहे.

करारात चार वाक्ये आहेत, ती मराठीत आहेत आणि प्रत्येकीला वाचून दाखवली आहेत. विकल्या गेलेल्या ठशाची अर्धी रक्कम कलावंताची. जाहिरातीसाठी चित्र द्यायचे नाही. परवानगी कधीही मागे घेता येईल. निगेटिव्ह माझ्याकडे राहील, पण नवा ठसा दोघींच्या सहीशिवाय निघणार नाही. मालकीणबाईंनी यात पाचवे वाक्य घालायला सांगितले आहे : प्रदर्शनाच्या दिवशी पार्टीची बिदागी वेगळी द्यावी, कारण त्या दुपारी बारी बुडणार. ते आज घातले.